तीन विटांवरचा संसार

गेल्या माघ महिन्यात शनिवार पेठेतील आमच्या जुन्या घराच्या दुरुस्तीचा करारनामा झाला. त्यात चौदा कलमे होती. कामाची मुदत, हप्त्यांचा तपशील, निघालेले जुने सागवान कोणाच्या मालकीचे, राडारोडा कोणी व किती दिवसांत उचलावयाचा, एवढेच काय, पण गवंड्यांच्या चहाचा खर्च कोणत्या पक्षाने सोसावा, याचाही त्यात यथासांग निर्णय करून ठेवलेला होता. परंतु स्वयंपाकघराची फरशी उखडल्यापासून ती पुन्हा बसेपर्यंत घरातील पाच माणसांनी काय खावे आणि ते कोठे शिजवावे, याविषयी त्या दस्तऐवजात एक अक्षरही नव्हते. मसुदा माझ्याच हातचा होता. तीस वर्षे कचेरीत मसुदे करण्यात घालविलेल्या मनुष्याच्या हातून हे कलम सुटावे, याचे सौभाग्यवतीला मात्र काडीइतकेही आश्चर्य वाटले नाही. "कधी भाजी निवडली असतीत, तर मसुद्यात चूल आली असती तुमच्या," एवढेच ती म्हणाली, आणि पितळी डबे जुन्या लुगड्यांत गुंडाळून ट्रंकेत भरू लागली.

करारातील मुदत तीन आठवड्यांची होती. काम अकरा आठवडे चालले.

या विलंबाचा दोष मी कोणावर ठेवीत नाही, कारण त्याचे मूळ भिंतीतच होते. आमचे घर दगड-विटा-चुन्याचे, वर कडीपाट, मागे लहानसे अंगण आणि त्यापलीकडे नदीकडे उतरत जाणारी गल्ली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या पुरात मागची भिंत कमरेपर्यंत विरघळली होती, आणि पाणी ओसरल्यावर, मिळेल त्या विटा आणि मिळेल ते सिमेंट घेऊन, ती घाईघाईने उभी करण्यात आली. जुन्या चुन्याच्या कामावर सिमेंटचा गिलावा चढला. पुढची साठ वर्षे त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येई, दर दोन वर्षांनी आम्ही रंग देत असू, आणि दर दोन वर्षांनी तो रंग पापुद्रे धरून गळून पडे. आमचे मिस्त्री विजापूरकडचे, वय साठीच्या आसपास, बोलणे मोजके. त्यांनी थापीच्या दांड्याने भिंतीवर टकटक केली, कान लावला, आणि सांगितले, "चुन्यातनं ओल बाहेर पडती, साहेब. शिमिटानं ती आत कोंडली. कोंडली की ती वर चढती." सबब सगळा गिलावा छाटून काढणे आणि तेथे पुन्हा चुन्याचाच गिलावा करणे प्राप्त झाले; आणि चुना हा सिमेंटसारखा तडकाफडकी निकाल देणारा पदार्थ नव्हे. हवेतील कर्बवायू शोषून तो हळूहळू पुन्हा दगड होतो; एक पातळ थर द्यावा, तो वाळेपर्यंत थांबावे, मग दुसरा द्यावा, अशी त्याची रीत. स्वयंपाकघराची भिंत तीच होती.

चुनकळी विरवली त्या दिवशी अंगणातील खड्ड्यावर सारे घर जमले. पांढऱ्या ढेकळांवर पाणी पडताच ती फुटू, फुगू आणि खदखदू लागली, व खड्ड्यातून वाफांचे लोट निघाले. घरातील शेगडी बंद असता अंगणात दगड उकळत होता. मिस्त्री हसत म्हणाले की, बटाटा टाकला तर शिजून निघेल. पण चुना डोळ्यात आणि पोटात दोन्हीकडे सारखाच वाईट, म्हणून त्यांनी कोणाला तो टाकू दिला नाही.

पहिले चार दिवस आम्ही उपाहारगृहात जेवलो, आणि त्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. पाचव्या दिवसापासून खानावळीचा डबा आला. डब्यातील भाजीला तेल पुष्कळ होते आणि आमटीला चव अशी होती की, ती कोणाच्याच घरची नव्हती. आठव्या दिवशी आत्याने डबा उघडून पाहिला, झाकण पुन्हा लावले, आणि मिस्त्रींना हाक मारून म्हणाली, "मिस्त्री, तीन विटा द्या मला. चांगल्या भाजलेल्या. हिशेबात धरू नका."

आत्याचे वय आता त्र्याऐंशी. पानशेतच्या वेळी ती विशीत होती आणि याच घरात होती. विटा तिने स्वतः मांडल्या: दोन समोरासमोर, एक मागे, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला. जळणाला अंगणात लाकडाची रास पडलेलीच होती, पण मिस्त्रींनी तेथे हात घालू दिला नाही. जुन्या चौकटींवर पिढ्यान्‌पिढ्यांचे तैलरंग चढलेले, त्यांचा धूर अन्नाला लागता कामा नये. कोपऱ्यावरच्या वखारीतून बाभळीच्या ढलप्या आल्या. सुतारकाम ओसरीवर चाललेले असल्याने रंध्याचा भुसा उडून चुलीपर्यंत येई, म्हणून चुलीशेजारी पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले कायम ठेवावे असे ठरले, आणि हा नियम अखेरपर्यंत कोणी मोडला नाही. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सूनबाईची विजेची शेगडी होती. अशा रीतीने एकाच घरात दोन युगांची दोन स्वयंपाकघरे नांदू लागली आणि दोन्ही मिळून एकाही पूर्ण स्वयंपाकघराची बरोबरी होत नव्हती.

अशा वेळी माणूस काय शिजवतो, याचा मी त्या अकरा आठवड्यांत, घरी आणि पेठेतल्या आणखी चार-पाच घरांत (दुरुस्ती निघालेली घरे एकमेकांना लगेच ओळखतात), थोडा चिकित्सेने शोध घेतला. सगळीकडे उत्तर जवळजवळ एकच आले. पोहे. मेतकूट-भात. भाजणीचे थालीपीठ. तांदळाच्या पिठाची ताकातली उकड. पिठले. मुगाची खिचडी. दूध आणि केळी असली की शिकरण. पथ्यावरच्या माणसाची वा परगावी खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याची वाटावी अशी ही यादी पाहून प्रथम मला वाटले की, ही नाइलाजाची यादी आहे. नंतर लक्षात आले की, यातील अर्ध्याअधिक जिन्नसांवर अग्निसंस्कार आधीच कोठेतरी होऊन गेलेला असतो. भात भिजवून, भाजून, गरम असतानाच कांडून चपटा केला की त्याचे पोहे होतात. ते आपल्या घरी येतात तेव्हा शिजलेलेच असतात, आपण फक्त त्यांना पाणी दाखवितो. मेतकुटातली हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, तांदूळ, गहू, सगळे भाजून, सुंठ-हिंग-हळदीसह दळलेले. भाजणीचे तर नावच भाजणी. डाळे, लाह्या, कुरमुरे, सातूचे पीठ, या सर्वांची तीच कथा. सुदाम्याने द्वारकेला जाताना पुरचुंडीत बांधून नेले ते पोहे होते, तांदूळ नव्हते, यात दारिद्र्याइतकाच व्यवहारही होता. वाटेत चूल कोठे मांडायची?

तेव्हा ज्याला आपण सोपा स्वयंपाक म्हणतो, त्यातले कष्ट नाहीसे झालेले नसतात. ते अगोदर, दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी केलेले असतात. हे पाहावे म्हणून मी एका सकाळी पेठेतल्या भडभुंज्याच्या भट्टीवर जाऊन बसलो. लोखंडी कढईत वाळू, खाली धगधगती भट्टी. वाळू तापली की त्यात मूठ-दोन मूठ दाणे पडतात, झारा फिरतो, दाण्याच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुलतो, आणि क्षणात सगळे चाळणीवर. वाळू खाली, लाह्या वर. तापलेली वाळू दाण्याला सर्व अंगांनी सारखी कवटाळते, म्हणून तो जळत नाही. भट्टीसमोर उभे राहणाऱ्या माणसाला मात्र ती धग एकाच अंगाने लागते. भडभुंज्याच्या उजव्या हाताची कातडी डाव्या हातापेक्षा काळी होती. घरी परतलो तो अंगणात बिगारीही वाळू चाळीत होता. चाळणी तशीच, हाताचा झोकाही तोच. मात्र येथे वाळू ठेवायची होती आणि वर उरलेले खडे टाकायचे होते.

दडप्या पोह्यांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्या दिवसांतले आमचे खरे सुख ते होते. पदार्थ मूळ कोकणातला. पातळ पोहे परातीत घ्यावेत. त्यांवर बारीक चिरलेला कांदा, चोचवलेली काकडी, विळीवर खवलेले ओले खोबरे, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर, लिंबाचा रस. आणि नारळ फोडताना निघालेले पाणी त्यांवर हलक्या हाताने शिंपडावे. पोहे धुवायचे नाहीत. खोबऱ्याच्या, काकडीच्या आणि कांद्याच्या ओलाव्यातच ते मऊ व्हावयाचे. मग वर ताट उपडे घालून त्यावर वजन ठेवावयाचे आणि पाव घटका वाट पाहावयाची. दडपे हे नाव त्या दडपण्यावरून. आमच्याकडे वजनाला नव्या फरशीचा एक कोपरा उडालेला तुकडा होता. शेवटी पळीभर तेलाची मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, एवढाच काय तो अग्नी, आणि वर चुरडलेला पोह्याचा पापड. फोडणीचा चर्र आवाज झाला की छतावरचा रंधा थांबत असे. माळ्यावरचा सुतार, "झाले का?" असे न विचारता, नुसते खाली पाही.

दुपारी एक ते दोन या तासात काम बंद असे, आणि त्या तासात आमच्या अंगणात हिंदुस्थानचा निम्मा नकाशा जेवावयास बसे. मिस्त्रींच्या फडक्यात ज्वारीची कडक भाकरी असे, पापडासारखी पातळ आणि खडखडीत, विजापूर-सोलापूरकडे करतात तशी. ती आठवडेच्या आठवडे टिकते, म्हणून गावाहून येताना बायकोने चळतच बांधून दिलेली होती. ती मोडून दह्यात वा डाळीत कालवायची आणि सोबत शेंगांची चटणी. मराठवाड्याकडचे बिगारी जोडपे मऊ भाकरी आणि ठेचा खाई; कांदा ते बुक्कीने फोडीत आणि माझ्या नातवाला, तो रविवारी आला की, बुक्की कोठे मारायची ते शिकवीत. फरशीवाले राजस्थानातले. ते दुपारी चहा-पावावर भागवीत, पण संध्याकाळी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे गोळे पुरून बाट्या भाजीत, आणि राख झटकून तुपात बुडवीत. आमच्या चुलीच्या राखेत एके दिवशी त्यांनी पाच बाट्या आमच्यासाठीही पुरल्या; आत्याने एक खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी तूप तिने पाठविले.

रंगारी बिहारचा होता. त्याचे जेवण मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते जेवणाची तयारी वाटली. थाळीत हरभऱ्याचे सत्तू, त्यात मीठ, चिरलेला कांदा, मिरची, लोणच्याचा खार आणि सरसूचे तेल. थोडे थोडे पाणी घालून त्याने गोळा मळला, आणि तोच खाल्ला. ना तवा, ना जाळ. आत्याने त्याला विचारले, "बाळा, हे काय?" तो म्हणाला, "सत्तू, माताजी." आत्या आत गेली, ट्रंकेतून हुडकून आपला सातूच्या पिठाचा डबा घेऊन आली, गहू आणि डाळे भाजून दळलेले, आणि त्यात गूळ व दूध घालून वाटीभर त्याच्यापुढे ठेवले. नाव एक, मीठ त्याचे आणि गूळ आमचा. त्याने ते संपविले खरे, पण गोड जेवण त्याला पटलेले दिसले नाही; आत्यालाही तेलाचा झणका सोसला नाही. दोघांनी एकमेकांची अडचण जाणली आणि पुन्हा आग्रह केला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्वयंपाकघर गेलेल्या घराची अडचण अग्नीची असते, असा माझा जो समज होता, तो साफ चुकीचा ठरला. अडचण पाण्याची. चूल तीन विटांवर होते, पण मोरी होत नाही. पाण्याचा नळ आमच्याकडे जिन्याखाली एकच उरला होता, त्यावर चुन्याची घमेली, रंगाचे डबे आणि जेवणाची भांडी यांचा अव्याहत दावा चाले. म्हणून भांड्यांची छाटणी झाली: एक पातेले, एक तवा, परात, विळी, पळी, सांडशी, ताटांऐवजी मंडईतून केळीची पाने. १८८६ साली बांधलेल्या त्या मंडईच्या इमारतीत पानांचे भाव सणासुदीला चढतात आणि एरवी उतरतात, हे ज्ञान मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी झाले. ज्या पदार्थाने दुसरे भांडे मागितले, तो यादीतून निघाला. पाककृतींची 'रुचिरा' ट्रंकेत तळाशी गेली होती. १९७० साली कमलाबाई ओगले यांनी ज्या वाटी-चमच्याच्या मापाने महाराष्ट्रातल्या नवख्या सुनांना धीर दिला, त्या वाट्याही तिच्याच बरोबर गेल्या होत्या, आणि आमचे सगळे माप चहाच्या एका कान तुटलेल्या कपाने चालू होते.

पाण्याचा विषय निघाला की आत्या पानशेतवर येई. पुराच्या दिवशी घरची माणसे सदाशिव पेठेतल्या नातलगांकडे वरच्या अंगाला गेली. परत आली तेव्हा स्वयंपाकघरात गुडघाभर गाळ, आणि धान्याच्या कोठीतले गहू फुगून कोठीचे झाकण उचलले गेलेले. खडकवासल्याचे धरणही त्याच दिवशी फुटल्याने शहराचे नळ कोरडे होते. "अंगणभर चिखल, आणि प्यायला घोटभर पाणी नाही," ती सांगे. कोणीतरी पोहे दिले होते. भिजवायला पाणी नव्हते, म्हणून ते कोरडेच, गुळाच्या खड्याबरोबर चावून खाल्ले. लाकडे ओली, चूल तिसऱ्या दिवशी पेटली, ती अंगणात, तीन दगडांवर, आणि पहिला भात झाला तो मेतकूट घालून नुसता. ही हकीकत ती कोणताही सूर न लावता सांगे, बहुधा कांदा चिरीत, आणि मध्येच थांबून विचारी, "मीठ घातलंस का ग?"

माळा रिकामा करताना एक जुने यंत्र हाती लागले: एकावर एक बसणाऱ्या डब्यांची उतरंड, बाहेरून नळकांड्यासारखे आवरण, तळाशी निखाऱ्यांची लहान शेगडी. इक्मिक कुकर. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मलिक यांनी १९१० साली तो शोधून काढला, आणि पुढे तो एकट्या राहणाऱ्या कारकुनांच्या, दौऱ्यावरच्या अंमलदारांच्या बिऱ्हाडांत देशभर पसरला. आमचे आजोबा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. जमाबंदीच्या दौऱ्यात चावडीवर मुक्काम पडला की डब्यांत डाळ, तांदूळ, भाजी भरून निखारे लावीत आणि दप्तर उघडून बसत. वाफेचे अन्न करपत नाही. साहेबाने वेळेवर सोडले नाही, तरी जेवण जागच्या जागी ऊन राहते.

तो कुकर गळका निघाला. पण त्याचा वंशज पुण्यातच सापडला. १९९६ साली स्थापन झालेल्या आणि 'आरती' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसविली. ऊस तुटल्यावर शेतात उरलेले पाचट शेतकरी पेटवून देतात; ते भट्टीत कोंडून जाळले की त्याचा कोळसा होतो, त्याची पूड करून कांड्या पाडता येतात. या कामाला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच कांड्यांवर चालणारा त्यांचा 'सराई' कुकर म्हणजे आजोबांच्या यंत्राचीच सुधारलेली आवृत्ती: शंभर ग्रॅम कांड्यांत पाच माणसांचा डाळ, भात, भाजी. शेजारच्या गल्लीतील एका घरून आम्ही तो उसना आणला. सकाळी पेटवून ठेवावा, मिस्त्रींशी हुज्जत घालावी, आणि परत येऊन जेवावे. हुज्जत सहसा अधिक वेळ चाले. सौभाग्यवतीने मात्र त्याला शेवटपर्यंत स्वयंपाक म्हटले नाही, "शिजतं हो, पण परतलं कुठं जातं?" हा तिचा आक्षेप मला अजूनही बिनतोड वाटतो.

चैत्र आला तेव्हा भिंतीचा शेवटचा थर वाळत होता. मिक्सर खोक्यात होता, पण पाटा-वरवंटा जड म्हणून कोणी हलविलाच नव्हता. तो अंगणात चुन्याच्या खड्ड्याशेजारी पडून होता. तो धुतला, आणि सूनबाईने, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यावर भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटली. कैरी किसून तीत मिसळली, वर फोडणी दिली, आणि गूळ-वेलदोड्याचे पन्हे केले. हळदीकुंकवाला पेठेतल्या बायका आल्या, त्या सिमेंटच्या गोण्यांवर वर्तमानपत्रे पसरून बसल्या. डाळ जाडसर राहिली होती. सगळ्यांनी ती दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि दोघींनी पाटा टाकवायचा कोठे याची चौकशीही केली.

वैशाखात ओटा बसला. मागच्या दाराची एक पायरी तेवढी राहिली होती, आणि नेमक्या तीन विटा कमी पडल्या. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिले, चुलीशी गेले आणि आत्याकडे पाहून थांबले. "घ्या," ती म्हणाली. त्यांनी विटा पाण्यात बुडवून ठेवल्या, बुडबुडे थांबेपर्यंत. काजळी धुऊन जात नाही, आणि गिलाव्यातून ती वर येते. म्हणून काळी बाजू आत करून त्यांनी त्या पायरीत बसविल्या, ओळंबा लावून पाहिला, आणि हात धुवायला जिन्याखालच्या नळावर गेले.